वाचक विचारतात : तुकडा काढायचा म्हणजे नेमकं काय?

लवकर पाळी जाणं आणि त्या सुमारास होणारे योनीच्या बाहेरच्या जागेचे त्रास यांवर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. नावं, गावं काढून टाकली आहेत. उत्तरं स्त्रीरोग आणि त्वचारोग या दोन्ही बाजूंनी पाहून दिली आहेत.

प्रश्न : वय ३९. अडीच वर्षांपूर्वी पाळी बंद झाली. आठ-नऊ महिने लघवीच्या जागेभोवती खाज आहे, रात्री फार. कातडी पांढरी पडलीये आणि मध्येच चिरा पडतात. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. डॉक्टर बाई म्हणाल्या, कातडीचा तुकडा काढून तपासू (बायोप्सी). पुढच्या मंगळवारची तारीख दिलीये. भूल देतात का? उपाशी जायचं का? कॅन्सरची शंका असल्याशिवाय तुकडा काढतात का?

शेवटचा प्रश्न आधी घेऊ, नाहीतर बाकीचं वाचताना तोच डोक्यात घोळत राहील. हो, काढतात. योनीमुखाची कातडी पांढरी पडण्याची कारणं बरीच आहेत आणि डोळ्यांना ती सारखीच दिसतात : लायकेन स्क्लेरोसस, कोड, सतत खाजवून जाड झालेली कातडी आणि क्वचित कॅन्सरच्या आधीची अवस्था. कोडात रंग जातो, पण कातडी पातळ होत नाही आणि सहसा चिरत नाही. तुमचं वर्णन लायकेन स्क्लेरोससकडे झुकणारं आहे. हा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीशी जोडलेला आजार आहे. तो अस्वच्छतेमुळे होत नाही, नवऱ्याकडून लागत नाही आणि त्याला लागतही नाही. त्यातून पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात पाचापेक्षा कमी आहे, आणि नियमित उपचाराने ते आणखी घटतं.

आता ती मेडिकलवरची ट्यूब. आपल्याकडे 'खाजेचं मलम' म्हणून जे हातात दिलं जातं, त्यात बहुतेकदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टेरॉइडने दाह तात्पुरता दबतो. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसायला हवं तेही पुसट होतं आणि रिपोर्टमध्ये 'विशिष्ट निदान नाही' असं मोघम वाक्य येतं. म्हणून मंगळवारची वाट न बघता आजच डॉक्टरांना फोन करा : कोणतं मलम, किती दिवस, शेवटचं कधी लावलं. साधारणपणे दोन आठवडे तरी मलम बंद ठेवून तुकडा घेतला तर निदान स्पष्ट येतं, त्यामुळे डॉक्टर कदाचित तारीख पुढे ढकलतील. ढकलू द्या, तुकडा वाया जाण्यापेक्षा ते बरं. मात्र गाठ किंवा न भरणारी जखम असेल तर थांबायचं नसतं, आणि हे डॉक्टरांनीच ठरवायचं. ट्यूब रिकामी झाली असली तरी ती पिशवीत टाकून न्या.

याशिवाय काही गोष्टी आधीच सांगून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? त्या स्वतःहून बंद करू नका. स्टेंट घातलेला असेल तर तसं करणं जिवावर बेतू शकतं. मधुमेह आहे का? दाताच्या डॉक्टरांकडे बधिरतेचं इंजेक्शन घेतल्यावर कधी अंगावर गांधी उठल्या होत्या का किंवा चक्कर आली होती का? इथे वापरतात ते लिग्नोकेन हे त्याच जातीचं औषध आहे.

उपाशी जाऊ नका. पूर्ण भूल नसते, फक्त तेवढी जागा बधिर करतात. पोटभर नाश्ता करा, बीपी-शुगरच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. रिकाम्या पोटी गेलेल्या बाईलाच टेबलावरून उठताना घेरी येते. आंघोळ साध्या पाण्याने. केस काढू नका, ना ब्लेडने ना क्रीमने. कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि नेमकी पाहायची जागा लाल होते. लागलेच तर केस तिथे कात्रीने छाटतील. डेटॉल, सॅव्हलॉन, सुगंधी वॉश यांतलं काहीही त्या जागी नको, त्या दिवशी तर नकोच नको. साडी किंवा सैल सलवार, सुती चड्डी आणि पर्समध्ये दोन पॅड. परत येताना स्कूटर चालवायची नाही, मागे एका बाजूला बसून येणंही टाळा; रिक्षाने या.

प्रत्यक्ष काम दहा-पंधरा मिनिटांचं. पाय टेकवून झोपवतात आणि उजेडात जागा नीट पाहतात. आधी बधिर करणारं क्रीम लावतात. आतल्या नाजूक कातडीला ते पाच-दहा मिनिटांत पोहोचतं, केसाळ भागाला जास्त वेळ लागतो. मग केसासारख्या सुईने एक-दोन मिली औषध. हे पंधरा-वीस सेकंद झोंबतं, आणि सगळ्या प्रकारात खरं दुखतं ते एवढंच. क्रीमला वेळ न देता घाई केली तर हे झोंबणं वाढतं, म्हणून 'थोडं थांबू या का?' असं विचारायला संकोच करू नका. त्यानंतर टोचून पाहतात : दाब कळतो, टोक कळत नाही. टोक कळलं तर लगेच सांगा, आणखी औषध देता येतं.

तुकडा काढायचं हत्यार म्हणजे टोकाला गोल पातं असलेली पेनासारखी नळी. ती फिरवून मसुराच्या डाळीएवढा, साधारण चार मिलिमीटरचा गोल कापतात आणि चिमट्याने अलगद उचलून खालून कात्रीने सोडवतात. जखम असेल तर तिच्या मधून नाही, कडेवरून घेतात, कारण मधल्या भागात नुसताच मेलेला थर मिळण्याची शक्यता असते. रक्त थांबवायला लोहाचं पिवळट-तपकिरी द्रावण किंवा सिल्व्हर नायट्रेटची काडी लावतात, नाहीतर विरघळणारा एखादा टाका घालतात.

उठण्याआधी एक काम तुमचं. तुकडा ज्यात ठेवतात त्या फॉर्मालिनच्या बाटलीवर तुमचं नाव आणि उजवी-डावी बाजू लिहिली आहे ना, हे विचारा. दोन जागचे तुकडे असतील तर बाटल्याही दोन हव्यात.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस लघवी झोंबते. लघवी करतानाच तांब्याने कोमट पाणी ओतत राहा, झोंबणं निम्म्यावर येतं. नंतर टिपून घ्या, चोळू नका. वर साधी पेट्रोलियम जेली. हळद, तूप, खोबरेल, कुणी कितीही आग्रहाने सांगितलं तरी नको. पॅडवर कॉफीच्या चोथ्यासारखे काळे कण दिसले तर ते लावलेल्या औषधाचे आहेत, घाबरू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरतं. शरीरसंबंध, पोहणं, सायकल जखम भरेपर्यंत बंद, म्हणजे साधारण दोन आठवडे. तासाभरात पॅड भिजत असेल, १००.४ च्या वर ताप आला, पू दिसला किंवा लघवी अडली, तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : आमच्या गावाजवळ त्वचेचे डॉक्टर पुरुष आहेत. लाज वाटते. आणि नवऱ्याची सही लागते का? त्यांना सांगितलेलं नाही.

तुम्ही सज्ञान आहात, संमतीपत्रावर तुमची सही पुरते. पुरुष डॉक्टर तपासत असताना खोलीत दुसरी स्त्री असणं हा तुमचा हक्क आहे, रुग्ण हक्कांच्या सनदेत तो लिहिलेला आहे. नर्स चालेल, बहीण चालेल. नोंदणी करतानाच सांगितलं की आत गेल्यावर अवघडायला होत नाही. फोटो काढणार असतील तर त्याचीही वेगळी परवानगी घ्यायला हवी, आणि तुम्ही नाही म्हणू शकता.

प्रश्न : रिपोर्टमध्ये लायकेन स्क्लेरोसस आलं. क्लोबेटासॉल लिहून दिलंय. मेडिकलवाला म्हणतो, स्टेरॉइड आहे, जपून. म्हणून अगदी थेंबभर लावते, पण खाज जात नाही. जाऊबाईंना पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं होतं, ते लावू का?

मेडिकलवाल्याने भीती घातली आणि तुम्ही औषध अर्धंमुर्धं केलं. या आजारात उपचार फसतात ते बहुतेकदा इथेच. वर आम्ही स्टेरॉइडच्या मलमाबद्दल नाराजी दाखवली ती निदानाआधी, मोजमाप न ठेवता लावण्याबद्दल. निदान झाल्यावर तेच पहिल्या पसंतीचं औषध आहे.

नेहमीची पद्धत अशी : ०.०५ टक्के क्लोबेटासॉल, क्रीमपेक्षा मलम बरं कारण ते कमी झोंबतं. पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा. एका वेळी तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. जागा लहान असेल तर त्याच्या निम्मी. हिशेब केला तर तीन महिन्यांत २६-२७ ग्रॅम होतं, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब पुरते. महिन्यातच संपली तर जास्त लावताय, चार महिने उरली तर कदाचित कमी. पहिल्यांदा आरसा घेऊन बसा. पांढरी जागा नेमकी कुठे आहे हे न पाहता लावल्याने मलम मांडीला लागतं आणि रोग तसाच राहतो.

इस्ट्रोजेनचं क्रीम वेगळ्या कामाचं. योनीच्या आतला कोरडेपणा, संबंधाच्या वेळची जळजळ, वारंवार होणारी लघवीची जळजळ यांवर ते चांगलं चालतं, पण लायकेन स्क्लेरोसस त्याने बरा होत नाही. दोन्ही त्रास एकाच बाईला असू शकतात आणि मग दोन्ही औषधं लागतात, मात्र तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. जाऊबाईंची ट्यूब त्यांच्याकडेच राहू दे. खाज गेली तरी तिसऱ्या महिन्याची तपासणी चुकवू नका, पुढे वर्षातून एकदा तरी दाखवा. मध्येच गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर पुन्हा तुकडा काढावा लागेल.

प्रश्न : वय ३६. वर्षभर पाळी नाही. सासूबाई म्हणतात, बरं झालं, कटकट गेली. मला रात्री वाफा येतात, झोप नाही, कारण नसताना रडू येतं. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सांगितल्या; बहीण म्हणते त्याने कॅन्सर होतो. कुणाशी बोलू?

पन्नाशीत पाळी जाणं आणि छत्तिसाव्या वर्षी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळीबरोबर इस्ट्रोजेनही गेलं, आणि हाडं, हृदय, झोप, मन यांना ते अजून दहा-पंधरा वर्षं हवं होतं. चाळिशीच्या आत असं झालं की त्याला रजोनिवृत्ती म्हणण्याऐवजी अंडाशयांची अकाली कमतरता म्हणतात, आणि कमतरता भरून काढायची असते.

आधी निदान पक्कं करा. रक्तातलं एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन, अंडाशयं थकली की ते वाढतं) २५ च्या वर आहे का? शंका असेल तर चार-सहा आठवड्यांनी पुन्हा. थायरॉइड, गुणसूत्रांची तपासणी, हाडांचा डेक्सा स्कॅन याबद्दल विचारा. अंडाशयावरच्या चॉकलेट सिस्टचं (जुनं रक्त साठलेली गाठ) ऑपरेशन, केमो, रेडिएशन झालं असेल तर आवर्जून सांगा. एफएसएच नॉर्मल असूनही पाळी नसेल तर कारण दुसरीकडे असतं. आपल्याकडे गर्भपिशवीचा क्षयरोगही विसरून चालत नाही.

बहिणीच्या भीतीचं मूळ बहुधा २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्यातल्या स्त्रिया ५० ते ७९ वयाच्या होत्या, सरासरी ६३. त्यांचे निष्कर्ष छत्तिशीच्या बाईला चिकटवणं चूक आहे. तुम्हाला दिलं जातं ते वरचं जास्तीचं काही नाही, शरीरातून अवेळी गेलेलंच परत दिलं जातं, आणि साधारण पन्नाशीपर्यंत द्यायचं असतं. गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत जातं. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील किंवा यकृताचा आजार असेल, तर मात्र गणित बदलतं. हे डॉक्टरांपासून लपवू नका. शंभरातल्या पाच ते दहा जणींना पुढेही आपोआप दिवस जातात. मूल हवं असेल तर ही आशा आहे, नको असेल तर साधन वापरायला हवं.

बोलायचं कुणाशी? मन फार खचलं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत. इंडियन मेनोपॉज सोसायटीशी जोडलेल्या डॉक्टरांकडे या वयाचा विषय नवा नसतो. नात्यातलं कुणी ब्रिटनमध्ये असेल तर तिथे डेझी नेटवर्क ही खास अकाली पाळी गेलेल्यांची संस्था आहे. व्हॉट्सअॅपवरच्या गटांत धीर मिळतो, पण तिथेच 'हार्मोन बॅलन्स'ची पावडरही विकली जाते, एवढं ध्यानात असू द्या. नवऱ्याला सगळं शास्त्र सांगत बसू नका. पुढच्या भेटीला सोबत न्या आणि संबंधाच्या वेळी दुखतं हे डॉक्टरांसमोरच बोला. घरातल्या भांडणात जे 'नखरे' ठरतं ते तिथे लक्षण ठरतं. सासूबाईंना 'थायरॉइडसारखंच हार्मोन कमी झालंय, गोळी घ्यावी लागते' एवढं पुरे.

प्रश्न : बहीण बीडकडून ऊसतोडीला जाते. ३३ व्या वर्षी पिशवी काढली. आता ३७, अंग दुखतं, वाफा येतात. अंडाशयं ठेवली की काढली, तिला माहीत नाही. कागद सापडत नाहीत.

ऊसतोड महिलांच्या या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, राज्य सरकारने चौकशी समितीही नेमली. पण काढलेल्या पिशवीनंतर पुढची वीस वर्षं कशी जायची, हे त्या बायकांना फारसं कुणी सांगितलं नाही.

ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात लेखी अर्ज द्या. भरती रुग्णांची कागदपत्रं तीन वर्षं ठेवणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. चार वर्षं झाली असली तरी मागून पाहा, अनेक ठिकाणी ती असतात. नसतीलच, तर जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी आणि एफएसएच करा. अंडाशयं काढली असतील तर तिच्या त्रासाचं कारण तेच. ठेवली असली तरी पिशवी काढल्यावर ती काही वर्षं लवकर थकू शकतात, आणि पाळीच नसल्यामुळे कधी थकली हे कळत नाही. पिशवी नसल्याने तिला बहुधा नुसतं इस्ट्रोजेन पुरेल. कारखाना सुरू व्हायच्या आधी हे करून घ्या, म्हणजे गोळ्या सोबत नेता येतील. फडावर गेल्यावर सहा महिने तपासणी होत नाही.