तुकड्यातुकड्याने येणारी गॅस पाइपलाइन: सगळ्याचा मिळून विचार कोण करणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्वेनियात तुमच्या गावाजवळच्या गॅस पाइपलाइनला समांतर लूप (त्याच लाइनला जोडलेला जादा पाइप) टाकायचं काम एकच कंपनी तुकड्यातुकड्याने करतेय. दर तुकड्याचा वेगळा अहवाल, आणि दर अहवालात ‘लक्षणीय परिणाम नाही’. मग सगळ्या तुकड्यांचा मिळून हिशेब कोणी करायचा?

करायचा फर्कने, म्हणजे अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाने. एका राज्यातून दुसऱ्यात जाणारी गॅसलाइन त्यांच्या परवान्याशिवाय होत नाही, आणि परवान्याआधी नेपा (राष्ट्रीय पर्यावरण धोरण) कायद्याखाली पर्यावरणाचा अभ्यास करावाच लागतो. तो अभ्यास किती लांबवर बघणारा हवा, एवढाच वाद.

तुमच्या प्रकरणाशी अगदी जुळणारा निकाल आहे: डेलावेअर रिव्हरकीपर विरुद्ध फर्क, २०१४. टेनेसी गॅस पाइपलाइनची ‘३०० लाइन’ पेनसिल्वेनिया आणि न्यू जर्सीतून जाते. तिचा पूर्वेकडचा भाग कंपनीने चार प्रकल्पांत, एकापाठोपाठ एक वाढवला. फर्कने त्यातल्या एकाचा, सुमारे ४० मैलांच्या लूपचा, स्वतंत्र अभ्यास करून परवाना दिला. डी. सी. सर्किट कोर्टाला (वॉशिंग्टनमधल्या संघीय अपील कोर्टाला) ते पटलं नाही. चारही कामं एकाच सरळ लाइनवरची, काळाने एकमेकांना चिकटलेली, बांधकामाने आणि पैशाने एकमेकांत गुंतलेली. मग ती वेगळी कशी? शिवाय एकत्रित परिणामांबद्दल अहवालात नावापुरतीच मोजकी वाक्यं होती, तेही कोर्टाने नोंदवलं. मात्र निकाल लागला तेव्हा पाइप जमिनीखाली गेलेले होते. प्रकरण फेरविचाराला परत गेलं, लाइन राहिली.

इथे दोन मुद्दे आहेत आणि लोक ते हमखास मिसळतात. पहिला सेगमेंटेशनचा: हे चार प्रकल्प नाहीतच, एकच आहे, अहवालही एकच काढा. दुसरा एकत्रित परिणामांचा: प्रकल्प वेगळे असतील, पण त्याच ओढ्यावर, त्याच जंगलावर आधीच्या आणि येऊ घातलेल्या कामांचा जो भार पडतो तो मोजा. हा दुसरा मुद्दा मूळ कायद्यात त्या शब्दांत नव्हता. तो नेपा राबवण्यासाठीच्या १९७८ च्या नियमांत होता. ते कलम २०२० मध्ये काढलं, २०२२ मध्ये परत आणलं आणि २०२५ मध्ये ते सगळे नियमच रद्द झाले. आता कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीनंतरचे ‘वाजवीपणे अपेक्षित’ परिणाम तेवढे उरलेत.

त्यातच मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने युटातल्या ८८ मैलांच्या रेल्वेच्या खटल्यात (सेव्हन काउंटी) सांगितलं की वेगळ्या, पुढे कधीतरी होणाऱ्या किंवा दूरच्या प्रकल्पाचे परिणाम तपासायला नेपा भाग पाडत नाही, आणि अभ्यास किती खोल करायचा यात कोर्टांनी तो करणाऱ्या सरकारी संस्थेच्या मताचा मान राखावा. पण काळाने आणि जागेने जवळचे, परस्परांत गुंतलेले प्रकल्प असू शकतात, एवढी फट त्याच निकालात आहे. माझ्या मते तुम्ही त्या फटीतूनच जावं. गॅस शेवटी जळून किती कार्बन होईल यावर पानं खर्चू नका. त्या वाटेने आज फारसं काही हाती लागणार नाही.

त्याऐवजी लूपचे नकाशे एकावर एक ठेवा, कॉम्प्रेसर स्टेशन (गॅस दाब देऊन पुढे ढकलणारं केंद्र) कोणत्या तुकड्यासाठी लागतंय ते शोधा आणि अर्जांच्या तारखा जुळवा. बोस्टनच्या गॅसलाइनविषयीच्या २०१८ च्या कोर्ट प्रकरणात पुढचा अर्ज आधीच्या परवान्यानंतर दाखल झाला होता, म्हणून सेगमेंटेशनचा मुद्दा टिकला नाही. अर्ज एकाच वेळी फर्कसमोर असतील तर तुमची बाजू बरीच भक्कम.

आणि मुदती! नुसती हरकत नोंदवून कोर्टात जाता येत नाही. नोटिशीतल्या मुदतीत ‘इंटर्व्हीनर’ (प्रकरणातला अधिकृत पक्षकार) व्हा. परवान्याचा आदेश निघाला की ३० दिवसांत फेरसुनावणीचा अर्ज करा आणि त्यात प्रत्येक मुद्दा लिहा. साधारणपणे जो तिथे नाही तो कोर्टात मांडता येत नाही. फेरसुनावणी नाकारली की कोर्टासाठी ६० दिवस. पूर्वी फर्क निर्णय लांबणीवर टाकायचं आणि दरम्यान झाडं तोडली जायची. डी. सी. सर्किट कोर्टाच्या २०२० च्या अलेगेनी निकालाने ती सोय काढून घेतली.

(भारतातून विचारणाऱ्यांसाठी: तिथे २००६ च्या अधिसूचनेत तेल-वायू पाइपलाइन मुख्यतः अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं, संवेदनशील क्षेत्रं यांतून जात असेल तरच पर्यावरण मंजुरीच्या यादीत येते. हा सगळा युक्तिवाद तिथे तसाच लागू पडत नाही.)

तुमच्या लूपचा अर्ज दाखल झालाय की अजून प्री-फायलिंगमध्ये (अर्जाआधीच्या टप्प्यात) आहे ते कळवा. प्री-फायलिंग असेल तर ‘तुकडे एकत्र अभ्यासा’ हे पत्र आत्ताच डॉकेटमध्ये (फर्ककडच्या प्रकरणाच्या फाइलीत) घालायला हवं.