'कार्डवर २% एक्स्ट्रा' ही पाटी आजच उतरवा

प्रश्न: कराडला माझं फ्रीज-वॉशिंग मशीनचं दुकान आहे. क्रेडिट कार्डावर बँक १.९ टक्के आणि वर जीएसटी कापते, म्हणून काउंटरवर 'कार्डवर २% एक्स्ट्रा' अशी पाटी लावलीय. गेल्या महिन्यात एकाने ३८,००० चा फ्रीज क्रेडिट कार्डावर घेतला, मी ३८,७६० स्वाइप केले. त्याने तक्रार केली, आता बँकेचा मेल आलाय की पैसे परत करा नाहीतर स्वाइप मशीन काढून नेऊ. गिऱ्हाईक ग्राहक मंचात जातो म्हणतंय. बँकेची कापाकापी मीच का सोसायची?

उत्तर: तुमचा राग समजतो, मार्जिन तीन-चार टक्क्यांचं आणि त्यातले दोन बँकेचे, मग खायचं काय. पण केस लढवायची म्हणाल तर तुमच्या हातात काही नाही.

आधी पाटी बघा. तिच्यावर नुसतं 'कार्ड' लिहिलंय, म्हणजे डेबिट कार्डवाल्याकडूनही तुम्ही २ टक्के घेताय, आणि तिथे तर सरळसरळ अडकता. २०१८ पासून आरबीआयने डेबिट कार्डाच्या एमडीआरला, म्हणजे बँक दुकानदाराकडून कापते त्या टक्क्यांना, मर्यादा घातलीय, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त ०.९० टक्के आणि एका व्यवहाराला कमाल १,००० रुपये, आणि हा खर्च गिऱ्हाइकावर ढकलला जाणार नाही हे बघायची जबाबदारी बँकेवर टाकलीय. रुपे डेबिट आणि बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयला २०२० पासून एमडीआर शून्य आहे, तिथे २ टक्के कशाचे मागणार?

क्रेडिट कार्डाला आरबीआयची अशी मर्यादा नाही, म्हणून बँक १.९ कापू शकते. तिथे अडचण येते ती मशीन घेताना सही केलेल्या ॲग्रीमेंटची, जे कुणीच वाचत नाही. कार्डवाल्याकडून जादा घेणार नाही असं कलम त्यात बहुतेक असतंच, शोधा, बँकेचा मेल त्याच जोरावर आलाय.

आता तुमचे ७६०. बिल ३८,००० चं, मशीनची स्लिप ३८,७६० ची, दोन्ही कागद गिऱ्हाइकाच्या खिशात, यापेक्षा चांगला पुरावा त्याला वकील लावूनही मिळाला नसता. ३८,७६० वर १.९ टक्के म्हणजे ७३६ रुपये, वरचा जीएसटी १३३. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या दुकानदारांची ठोक दराची योजना) नसाल तर ते १३३ इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, परत मिळतात, म्हणजे खर्च ७३६ आणि वसुली ७६०. समोरचा म्हणणार दुकानदार यातही कमावतोय. शिवाय ते ७६० हा विक्रीच्याच रकमेचा भाग, त्यातला जीएसटी भरलात का? बिलात ते नाहीतच, त्यामुळे उत्तर मला कळलं. आणि मिक्सर-इस्त्री एमआरपीला विकून वर २ टक्के लावत असाल तर वैधमापनवाल्यांचं (वजन-माप आणि एमआरपी तपासणारं सरकारी खातं) वेगळं लफडं.

'७६० रुपयांसाठी कोण जातंय' या भ्रमात राहू नका. मंचाला आता आयोग म्हणतात, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही, अर्ज घरबसल्या ऑनलाइन होतो.

म्हणून ७६० आजच परत करा, रोख नको, खात्यावर पाठवा म्हणजे नोंद राहील, सोबत दोन ओळींचं पत्र द्या की रक्कम आपला हक्क अबाधित ठेवून परत करतोय, चुकीची कबुली वगैरे लिहीत बसू नका. त्याचीच कॉपी बँकेला मेल करा, पाटी काढलेल्या काउंटरचा फोटो जोडून.

पुढचं म्हणाल तर जादा घेणं वेगळं आणि सूट देणं वेगळं. फ्रीजवर ३८,७६० चं लेबल लावा, कार्डवाल्यालाही तोच भाव, यूपीआय किंवा रोख देणाऱ्याला ७६० सूट आणि ती बिलात छापून, म्हणजे जीएसटीही सूट वजा जाऊन लागेल. फक्त एका गिऱ्हाइकाकडून रोख २ लाखांच्या आत ठेवा. ॲग्रीमेंटमध्ये रोखीच्या सुटीवर काही अट आहे का तेवढं बघा, कळत नसेल तर त्या पानाचा फोटो पाठवा.