उन्हाळी ओळखायची आणि लावायची, तर एवढं सांभाळा

सोलापूरच्या मुरमाड माळावर उन्हाळी, म्हणजेच शरपुंखा ही रानवनस्पती, शोधताना नुसत्या जांभळट फुलांवर जाऊ नका. तशीच दिसणारी रानातली नीळ ही वनस्पतीही फसवते. पानातली एक पर्णिका (मोठ्या पानातलं एक छोटं पान) टोकाला धरून ओढा. ती बाणाच्या पिसांसारखी, इंग्रजी व्हीच्या आकारात तुटते (नावातला शर तोच). तिरक्या समांतर शिरांमुळे असं होतं. शेंग चपटी, किंचित वाकडी.

रोप उपटून आणू नका. सोटमूळ खोल जातं, तुटलं की रोप वाळतं. तपकिरी शेंगांतलं बी घ्या, पण अभयारण्यातलं नाही.

- टणक साल पॉलिश पेपरवर हलकी घासून बी रात्रभर भिजवा.
- निव्वळ काळी माती नको, निम्मा मुरूम मिसळा.
- पाणी बेताचंच. लाडानेच जास्त रोपं कुजतात!

खतांचं नंतर बघू.