सेकंडहँड झेड-फोरला कोल्हापुरात कॉइलओव्हर बसवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2011 ची बीएमडब्ल्यू झेड-फोर 35आय सेकंडहँड घेतलीय, 18 इंची चाकांवर रनफ्लॅट टायर आहेत, खड्ड्यात दणके बसतात, वळणात मागची बाजू डुलते आणि दुकानदार म्हणतो कॉइलओव्हर (उंची कमीजास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे सेट) टाकून 40 मिलिमीटर खाली बसवू. तर कुठल्या कंपनीचे घेऊ?

सध्या कुठल्याच नको.

एवढं ठाम बोलतोय कारण हा उद्योग मी करून बसलोय. माझ्या आधीच्या गाडीला (होती साधी हॅचबॅक, पण आव स्पोर्ट्‌स कारचा) स्वस्तातले कॉइलओव्हर लावले आणि चाक-मडगार्डमध्ये बोटभर फट राहील इतकी गाडी खाली घेतली. फोटो झकास आले. पहिल्याच पावसात गगनबावड्याला जाऊन आलो आणि परतताना पुढून टकटक सुरू झाली. खोलून बघतो तर बंपस्टॉपचा (शॉकअप तळाला आपटू नये म्हणून असलेल्या ठोकळ्याचा) चुरा, स्ट्रट म्हणजे चाकाला धरून ठेवणारा शॉकअप, त्याच्या माउंटचं रबर फाटलेलं, एक रिम वाकडी. शॉकअपला दबायला जागाच उरली नव्हती, प्रत्येक खड्ड्यात तो तळाला टेकत होता. गंगावेशीतून दूध घेऊन निघालं की घरी लोणी पोचतं, असं बायको आल्यागेल्याला सांगायची. सहा महिन्यांत जुने शॉकअप परत चढवले.

तुमच्या गाडीचे बरेचसे दणके सस्पेन्शनचे नाहीतच, टायरचे आहेत. हवा गेली तरी गाडीचं वजन पेलायचं असतं म्हणून रनफ्लॅटची बाजू मुद्दाम जाड आणि कडक केलेली असते. त्यात पुढे 225/40 आणि मागे 255/35 असे टायर असतील तर साइडवॉलची उंची जेमतेम 9 सेंटिमीटर, तीही दगडासारखी. त्याच मापाचे साधे, चांगल्या कंपनीचे टायर घाला. हवा दाराच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच, गाडी थंड असताना. झेड-फोरला स्टेपनी नाही, तेव्हा डिकीत छोटा पंप आणि पंक्चर किट ठेवायचंच. मग महिनाभर गाडी चालवा. मला वाटतं, कॉइलओव्हरची निम्मी हौस तिथेच फिटेल.

मागची बाजू डुलते हे मात्र टायरनं जाणार नाही. इतक्या वर्षांच्या गाडीचं रबर मऊ पडलेलं असतं, चिरलेलं असतं. गाडी लिफ्टवर घ्या आणि मिस्त्रीला पहार घालून एकेक बुश (जोडांमधलं रबर) हलवून दाखवायला सांगा. लोअर आर्म, मागचे आर्म, लिंक रॉड, स्ट्रटचे वरचे माउंट, सगळं बघा. शॉकअपच्या दांड्याशी तेलाचा ओलावा आहे का तेही बघा. बॉनेट दाबून गाडी किती वेळा उसळते हे मोजणारे पुष्कळ भेटतील, पण त्या परीक्षेत फक्त पूर्ण मेलेला शॉकअप सापडतो, अर्धमेला पास होतो. आणि ढिल्या बुशांवर महागडे शॉकअप लावणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणं.

आता दुकानदाराच्या बोलण्याकडे येऊ. त्याला एकच विचारा: स्प्रिंग किती किलोची? म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात. स्वस्तातल्या सेटमध्ये 8 किलो वगैरे आकडा सहज ऐकायला मिळतो. तुमच्या गाडीचं वजन साधारण 1,600 किलो. चाकं-ब्रेक सोडून एका कोपऱ्यावर 350 किलो धरा. पुढे 8 किलोची स्प्रिंग घातली तर तो कोपरा सेकंदाला जवळपास सव्वादोन वेळा वरखाली होऊ बघतो. साध्या गाड्या एक ते दीड वेळा होतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कार दीड ते दोन. त्याच्या वर रेसिंगच्या गाड्यांचा मुलूख. तिथे ते चालतं, कारण जमीन सपाट असते. खात्री हवी असेल तर हुपरी रस्त्यावर मोहित्यांच्या ट्रॅकवर जाऊन एकदा गो-कार्ट चालवा. कार्टला सस्पेन्शनच नसतं, नळ्यांची फ्रेम पीळ खाते आणि वळणात मागचं आतलं चाक उचललं जातं, तेवढ्यावर सगळं भागतं. भन्नाट वळते. आता तीच कार्ट साखर हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी लाटा पाडलेल्या रस्त्यावर नेली तर काय होईल, ते सांगायला नको.

खाली बसवल्यावर गाडी वळणात कमी कलते, हा समजही अर्धाच खरा. झेड-फोरच्या पुढे स्ट्रट आहे. स्ट्रटवाली गाडी फार खाली घेतली की आर्मचे कोन बिघडतात आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली सरकतो. म्हणजे कलायला उलट लांब तरफ मिळते. ती झाकायला मग आणखी कडक स्प्रिंग घालायची, की पुन्हा दणके.

स्पीडब्रेकरचं तर गणितच करून बघितलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे उंचवटा 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा हवा. झेड-फोरचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटर, त्यामुळे अशा उंचवट्यावर दोन्ही चाकं एकदम चढतात आणि पोटाखाली साडेचार-पाच सेंटिमीटरच फुगवटा येतो. लोअर केलेली गाडीसुद्धा निघून जाईल. पण गावागावातले ब्रेकर नियम वाचून घातलेले नसतात. हातभर रुंद आणि वीतभर उंच अशा ढिगावर पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि मधे सगळा ढीग पोटाला. तिथे तुमचे 40 मिलिमीटर म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं चेंबर वाचणं आणि फुटणं यातला फरक.

मग घ्यायचं काय? टायर-बुश झाल्यावरही डुलणं राहिलं तर मूळ स्प्रिंग तशाच ठेवून चांगले शॉकअप घाला. बिलस्टाइनमध्ये बी6 हा मूळ उंचीसाठी असतो. बी8 दिसायला तसाच, पण आखूड, खाली बसवलेल्या गाडीसाठी. दुकानात ही अदलाबदल होते, पार्ट नंबर चासी नंबरवरूनच काढा. बी6 मोनोट्यूब म्हणजे एकाच नळीचा आहे, तेल आणि गॅस वेगळे राहतात आणि नळी थेट वाऱ्यावर असल्यानं लवकर थंड होते. तासभर खराब रस्ता तुडवल्यावरही तेलाला फेस येऊन शॉकअप ढिला पडत नाही. कोनीचे स्पेशल ॲक्टिव्ह बारीक हादरे मऊ करतात आणि मोठ्या हेलकाव्याला घट्ट होतात. घरची माणसं गाडीत बसणार असतील तर माझा कल तिकडे.

कॉइलओव्हरच हवेत असं मनानं घेतलं असेल तर निदान दबण्याची आणि परत उसळण्याची ताकद वेगवेगळी लावता येईल असे घ्या, केडब्ल्यू व्ही3 सारखे. आपल्याकडे खड्ड्याच्या धारेवर दांडा झटक्यात आत जातो, तिथे मऊपणा लागतो. वळणात तो हळू सरकतो, तिथे घट्टपणा. फक्त उंची बदलणारे सेट म्हणजे फोटोपुरती सोय. आणि असे घेतलेत तरी उंची कंपनीच्या जवळपासच ठेवा.

एक गोष्ट खरेदीआधी बघा. काही झेड-फोरना इलेक्ट्रॉनिक शॉकअप येतात. गिअरजवळचं स्पोर्टचं बटण आहे म्हणजे ते असतीलच असं नाही, बटण सगळ्यांना आहे. शॉकअपला वायर जाते का ते बघा. जात असेल आणि साधे शॉकअप घातले तर डॅशबोर्डवर बिघाडाचा दिवा लागून बसतो, त्याची वेगळी तजवीज करावी लागते.

उद्यमनगरात कुणीतरी तुम्हाला स्प्रिंगची दीड वेटोळी कापून द्यायला तयार होईलच. आपल्या लेथवाल्यांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही आणि चाक हवेत गेलं की जागची हलते. बुश दाबून बसवायला मात्र त्यांच्याकडेच जा, प्रेस चांगले आहेत.

कायद्याचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळे फेरफार करू देत नाही आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. मूळ उंचीवर शॉकअप बदलणं आणि गाडी जमिनीला टेकवणं यात अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस बरोबर फरक करतो. जुने भाग टाकू नका.

बसवताना समोर उभे राहा. बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना शेवटचे आवळू देऊ नका. गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच आवळायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. मग अलाइनमेंट. बीएमडब्ल्यूच्या पद्धतीत ती सीटवर वजन ठेवून करतात, दोन्ही सीटवर साधारण एकेक माणसाचं. मी वजनाला मार्केट यार्डातून गुळाचे रवे (ढेपा) नेले होते. अलाइनमेंटवाला आधी हसला, मग एक रवा ठेवून जा म्हणाला.