बारा संगणक, एक पेनड्राइव्ह आणि ‘तिसऱ्या’

प्रश्न : मी देवगड तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलांसाठी पायथनमध्ये मासे ओळखायचा खेळ केलाय. चित्र दिसतं, खाली चार नावं, बरोबर नाव निवडायचं. माझ्या लॅपटॉपवर (उबंटू २४.०४) तो चालतो. शाळेच्या १२ संगणकांवर डेबियन १२ आहे, दोन्ही लिनक्सच. तिथे पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) पायगेम-सीई (खेळ बनवायची लायब्ररी) टाकायला गेले, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडतं. पावसात नेटही नसतं. मेनूत चिन्ह दिसावं, दाबलं की खेळ सुरू व्हावा, एवढंच हवंय. पुढे खेळ कोडसकट इतर शाळांनाही द्यायचाय. – एक शिक्षिका, देवगड

उत्तर : बाई, तो अडथळा मुद्दाम ठेवलेला आहे. संगणकाचं स्वतःचं पायथन एपीटी (डेबियनचं सॉफ्टवेअर बसवायचं साधन) सांभाळतं, आणि डेबियन १२ पासून (२०२३) पिपला त्यात हात घालू देत नाही. ‘ब्रेक सिस्टम पॅकेजेस’ हा पर्याय देऊन ते रेटता येतं, पण शाळेच्या यंत्रांवर कृपा करून तसं करू नका. आज खेळ चालेल आणि पुढे कधीतरी दुसरंच काही बिघडेल.

डेबियनच्या भांडारात साधं पायगेम आहे, त्यावरच खेळ बसवावा असं कुणीही सुचवेल. मी नाही सुचवणार. त्या जुन्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळत नाही. ‘तिसऱ्या’ (शिंपले) लिहून बघा : ऱ्हस्व वेलांटी ‘त’च्या उजवीकडे जाऊन पडते आणि ‘ऱ्या’ची फोड होते. मराठी शाळेतल्या मुलाला असं अक्षर दाखवणं मला सहन होत नाही. पायगेम-सीईमध्ये फॉन्टला ‘सेट स्क्रिप्ट’ने ‘देवा’ हा लिपीचा संकेत दिला की अक्षरं जागेवर बसतात. म्हणजे तुम्ही सीई घेतलंत ते योग्यच. आता ते खेळाच्या सोबतच बांधून न्यायचं. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्टही बरोबर घ्या, त्याचा परवाना तशी मोकळीक देतो.

बांधायला पायइन्स्टॉलर (खेळ आणि त्याला लागणारं पायथन एकत्र बांधणारं साधन) वापरा, पण तुमच्या लॅपटॉपवर नाही. उबंटू २४.०४ मधली ग्लिबसी (बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) २.३९, डेबियन १२ मधली २.३६. नव्यावर बांधलेलं जुन्यावर बहुधा उघडत नाही, जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. शाळेतल्याच एका यंत्राला मोबाइलचं नेट द्या. एपीटीने पायथन३-व्हेन्व्ह, पायथन३-डेव्ह आणि बिन्युटिल्स घ्या, वेगळं व्हेन्व्ह (खेळापुरता पायथनचा स्वतंत्र कप्पा) करून त्यात पिपने सीई आणि पायइन्स्टॉलर टाका. व्हेन्व्हमध्ये पिपला कुणी अडवत नाही. चित्रं आणि फॉन्ट ‘अ‍ॅड-डेटा’ने जोडायला विसरू नका, आणि कोडमध्ये त्यांचा पत्ता पायथनच्या फाइलपासून मोजा, तुमच्या होम फोल्डरपासून नाही.

आता गुणांची फाइल. मालवणजवळच्या एका शाळेला मी असाच खेळ एकाच फाइलीत बांधून दिला होता, आणि गुण खेळाच्या शेजारीच लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मुलं विचारायला आली, “सर, आमचे मार्क खंय गेले?” एका फाइलीतला खेळ दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडतो, आणि बंद केला की तो फोल्डर पुसला जातो. गुण त्याच्याबरोबर गेले होते. मुलांची मेहनत होती ती, अजून टोचतं. तुम्ही गुण विद्यार्थ्याच्या होम फोल्डरातल्या ‘.लोकल/शेअर’मध्ये ठेवा, आणि बांधताना ‘वन-डिर’ (एका फाइलीऐवजी एक फोल्डर) घ्या.

तयार झालेला फोल्डर ‘ऑप्ट’खाली ठेवून डीपीकेजी-डेबने त्याचं डेब (डेबियनवर बसवायची पॅकेज फाइल) करा. कंट्रोल फाइलीत नाव, आवृत्ती, एएमडी६४, तुमचं नाव-ईमेल आणि एक ओळ वर्णन पुरे. पॅकेजच्या नावात मोठी अक्षरं आणि अंडरस्कोर चालत नाहीत. मेनूतल्या चिन्हासाठी ‘यूएसआर/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स’मध्ये डेस्कटॉप फाइल लागते. तिच्यात ‘नेम’च्या ओळीला मराठी नावही देता येतं, ते द्याच. मग पेनड्राइव्हवरून प्रत्येक यंत्रावर ‘एपीटी इन्स्टॉल’, आणि फाइलीच्या नावाआधी टिंब-तिरकी रेघ. ती राहिली तर एपीटी भांडारात शोधत बसतं.

फ्लॅटपॅक (वेगवेगळ्या लिनक्सवर चालणारी पॅकेजची दुसरी पद्धत) तुमच्यासाठी आत्ता नको. त्याचा रनटाइमच (खेळाखाली लागणारा पाया) शेकडो एमबीचा असतो.

कोडसकट देणार आहात, तर परवान्याची फाइल आत घाला. माशांचे फोटो परवानगी नसताना नेटवरून उचलले असतील तर ते वाटता येणार नाहीत. सकाळी बंदरावर लिलावाला मुलांना घेऊन जा, बांगडा, सुरमई यांचे फोटो त्यांनाच टिपू द्या.

बाराही यंत्रांवर टाकण्याआधी एकावर नेटची वायर काढून, विद्यार्थ्याच्या खात्यातून उघडून बघा. खेळा, बंद करा, पुन्हा उघडा. गुण तिथेच असतील तर पुढच्या यंत्राकडे वळा.