सरकारं शाळांतल्या तंत्रज्ञानावर एवढा पैसा घालतात, तरी पाच-सहा वर्षांत सगळं बंद का पडतं? निधी कसा द्यायला हवा?

शाळांचे संगणक, नेटवर्क, डिजिटल वर्ग यांचे प्रस्ताव आणि अंदाजपत्रकं तपासण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुम्ही विचारता आहात की पैसा मंजूर होतो, यंत्रं येतात, मग काही वर्षांत खोलीला कुलूप लागतं, हे का होतं आणि निधीची रचना कशी असावी. माझ्या मते मुख्य कारण एकच आहे: सरकार संगणक इमारतीच्या हिशोबाने विकत घेतं.

सरकारी अंदाजपत्रकात खर्चाचे ढोबळमानाने दोन कप्पे असतात. एक भांडवली, म्हणजे एकदाच करायचा आणि मालमत्ता उभी करणारा. दुसरा महसुली, म्हणजे दरवर्षी लागणारा: पगार, वीज, दुरुस्ती. वर्गखोली बांधली की ती तीस-चाळीस वर्षं उभी राहते, म्हणून ती भांडवली खर्चात बसते. संगणकही त्याच कप्प्यात टाकला जातो, पण त्याचं आयुष्य पाच वर्षांच्या आसपास असतं. त्या पाच वर्षांतही त्याला इंटरनेट लागतं, वीज लागते, सॉफ्टवेअरचे परवाने लागतात, आणि बिघाड झाला की हाकेच्या अंतरावर माणूस लागतो. हे सगळं महसुली खर्चात येतं, आणि तिथेच हात आखडता घेतला जातो. बैलजोडी घेतली आणि वैरणीचा हिशोबच मांडला नाही, असा हा प्रकार.

अर्थखात्याची बाजूही समजून घ्यायला हवी. दरवर्षीचा नवा खर्च एकदा मान्य केला की तो कायमचा गळ्यात पडतो, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. म्हणून ते 'एकरकमी घ्या, पुढचं पुढे बघू' म्हणतात. त्यात आर्थिक वर्ष संपत आलं की न खर्चलेला निधी परत जाण्याची भीती असते. अशा घाईत सगळ्यात सोपं काय, तर वस्तू खरेदी. शिक्षकांचं प्रशिक्षण दोन महिन्यांत उरकता येत नाही, पण यंत्रांची खोकी दोन महिन्यांत नक्की पोचतात.

याचं टोकाचं उदाहरण लॉस एंजेलिसच्या शाळांचं. २०१३ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड द्यायची योजना हाती घेतली. नेटवर्कच्या कामांसह एकूण खर्च एक अब्ज डॉलरच्या वर जाणार होता, आणि पैसा येणार होता शाळांच्या बांधकामासाठी काढलेल्या दीर्घ मुदतीच्या कर्जरोख्यांतून. म्हणजे उपकरण मोडीत निघाल्यावरही कितीतरी वर्षं त्याचं व्याज भरत राहायचं. सुरुवातीलाच मुलांनी त्यावरचे निर्बंध ओलांडले, अभ्याससाहित्य अर्धवट निघालं, खरेदीप्रक्रियेवर आक्षेप आले आणि २०१४ मध्ये करार थांबवला गेला. बातम्यांत गाजलं ते मुलांनी निर्बंध तोडल्याचं प्रकरण. मला मात्र पैशाचा स्रोत आणि वस्तूचं आयुष्य यांतली तफावत जास्त गंभीर वाटते, कारण ती कागदावर पहिल्या दिवसापासून दिसत होती.

याउलट भारतातल्या समग्र शिक्षा योजनेचे निकष बघा. संगणक प्रयोगशाळेसाठी शाळेमागे ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत अनावर्ती, म्हणजे एकदाच मिळणारा निधी आणि त्यासोबत पाच वर्षं दरसाल २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आवर्ती निधी धरला आहे. पाच वर्षांची बेरीज १२ लाख होते, म्हणजे चालवण्याचा खर्च खरेदीच्या जवळजवळ दुप्पट. कागदावर हे प्रमाण मला वास्तवाच्या बरंच जवळचं वाटतं. अडचण सहाव्या वर्षाची आहे. त्याआधीच्या, २००४ पासूनच्या योजनेत अनेक राज्यांनी 'बांधा, चालवा आणि हस्तांतरित करा' पद्धत वापरली होती. खासगी संस्थेने यंत्रं बसवायची, माणूस नेमायचा, पाच वर्षं चालवायचं आणि मग सगळं शाळेच्या ताब्यात द्यायचं. ताबा मिळतो तेव्हा यंत्रांचं आयुष्य संपत आलेलं असतं आणि ती चालवणारा माणूस करार संपल्यामुळे निघून गेलेला असतो. मुख्याध्यापकाच्या हाती उरते डेडस्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीतली नोंद. त्या वस्तूंचं निर्लेखन करायचं, म्हणजे त्या नोंदीतून काढून मोडीत टाकायच्या, तर परवानग्यांची वेगळीच रांग. म्हणून खोलीला कुलूप लागतं. त्यात मुख्याध्यापकाचा दोष फारच थोडा असतो.

सहाव्या वर्षाचा विचार नीट केलेला देश म्हणून मी जपानचं नाव घेईन. तिथे २०१९ च्या अखेरीस प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक उपकरण देण्याची 'गिगा स्कूल' योजना जाहीर झाली. एका उपकरणामागे ४५ हजार येनपर्यंत अनुदान होतं, आणि महासाथीमुळे काही वर्षांचं काम मार्च २०२१ पर्यंत जवळपास उरकलं. एवढ्या झपाट्याने वाटलेली यंत्रं एकाच वेळी म्हातारी होणार, हे उघड होतं. तेव्हा २०२३ च्या पुरवणी अंदाजपत्रकात पुढच्या फेरीची तरतूद झाली: मर्यादा ५५ हजार येन, प्रांतपातळीवर अनेक वर्षं चालणारा निधी, सगळ्या नगरपालिकांची एकत्रित खरेदी, आणि १५ टक्क्यांपर्यंत राखीव यंत्रं. ही शेवटची बाब लहान वाटते, पण वर्गात शिकवणाऱ्याला तिचं मोल विचारा. चाळीस मुलांच्या वर्गात तीन यंत्रं बंद असली की शिक्षक तो तास फळ्यावरच घेतो. राखीव यंत्र कपाटात असेल तर तास ठरल्याप्रमाणे होतो.

निधी एका आर्थिक वर्षापुरता न देता अनेक वर्षांसाठी बांधून देणं ही मला सगळ्यात महत्त्वाची सुधारणा वाटते. अमेरिकेचा 'ई-रेट' कार्यक्रम याच वाटेने गेला. १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून तो निघाला. दूरसंचार कंपन्यांकडून गोळा होणाऱ्या निधीतून शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात सवलत मिळते. शाळेतल्या मुलांची गरिबी जितकी जास्त तितकी सवलत मोठी, २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत. सुरुवातीला वर्षाला २.२५ अब्ज डॉलरची मर्यादा होती. बाहेरून येणाऱ्या जोडणीलाच पैसा संपायचा. इमारतीच्या आतल्या वायफायसाठीच्या मागण्या मागे राहायच्या आणि २०१३ च्या सुमारास तर त्यांना काहीच उरलं नाही. दारापर्यंत वेगवान जोडणी आणि वर्गात काहीच नाही, अशी स्थिती. २०१४ मध्ये मर्यादा ३.९ अब्जांपर्यंत वाढवली आणि आतल्या नेटवर्कसाठी विद्यार्थिसंख्येवर आधारित पाच वर्षांचं अंदाजपत्रक प्रत्येक शाळेला ठरवून दिलं. आपल्याला पाच वर्षांत किती मिळणार हे आधी कळलं की शाळा घाई करत नाही, टप्प्याटप्प्याने घेते.

याच कार्यक्रमातली आणखी एक अट मला फार आवडते. अर्ज करताना शाळेला लिहून द्यावं लागतं की या सवलतीत न बसणाऱ्या, पण ती जोडणी वापरायला लागणाऱ्या गोष्टींची सोय आम्ही केली आहे: संगणक, प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, देखभाल, अगदी इमारतीची वीजक्षमतासुद्धा. वीजक्षमता हा शब्द सरकारी अर्जात वाचून मला खरंच बरं वाटलं. जुन्या वायरिंगवर तीस यंत्रं एकदम चालवायची म्हटलं की काय होतं, हे तो मसुदा लिहिणाऱ्याने पाहिलेलं असणार. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार जगातल्या साधारण चार प्राथमिक शाळांपैकी एकीत वीजच नाही, आणि इंटरनेट आहे ते ४० टक्के प्राथमिक शाळांत.

स्थानिक वाट्याबद्दलही बोलायला हवं. बरीच सरकारं म्हणतात, आम्ही अर्धे देतो, उरलेले तुम्ही घाला. एस्टोनियाने १९९६ मध्ये 'वाघझेप' कार्यक्रम जाहीर केला तेव्हा संगणकांचा खर्च राज्य आणि नगरपालिका यांनी निम्मानिम्मा उचलला. छोट्या देशात, जिथे नगरपालिका फार विषम नाहीत, तिथे यातून आपलेपणा येतो. जिथे विषमता मोठी आहे तिथे मात्र हाच नियम गरिबावर उलटतो. श्रीमंत नगरपालिका आपला अर्धा वाटा ताबडतोब भरून सगळा निधी उचलते आणि गरीब नगरपालिका अर्जच करत नाही. म्हणून वाटा असावा, पण ऐपतीप्रमाणे कमी-जास्त असावा. शिवाय नुसतं विद्यार्थिसंख्येवर वाटप केलं तर लहान शाळा मारली जाते. वीस मुलांच्या शाळेला इंटरनेटची जोडणी दोनशे मुलांच्या शाळेपेक्षा दहापट स्वस्त पडत नाही. तिच्यासाठी किमान रक्कम ठरवावीच लागते.

आता नियोजनाकडे येतो. एकच यंत्र, दोन देश, दोन वेगळ्या वाटा: पेरू आणि उरुग्वे. दोघांनी मुलांसाठी बनवलेले तेच हिरवे-पांढरे स्वस्त लॅपटॉप घेतले. पेरूने ते आठ लाखांहून अधिक घेतले, बरेचसे दुर्गम ग्रामीण शाळांसाठी. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला. दर विद्यार्थ्यामागे संगणकांचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ वर गेलं, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं आणि शिक्षकांना पुरेसा आधार नव्हता. उरुग्वेने २००७ मध्ये 'प्लान सेइबाल' सुरू केला तेव्हा लॅपटॉपबरोबर जोडणी आणि दुरुस्तीची व्यवस्था उभी केली, आणि हे सगळं चालवायला कायमस्वरूपी संस्था केली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो: नुसत्या लॅपटॉपमुळे उरुग्वेतही गणिताचे आणि वाचनाचे गुण वाढल्याचं सुरुवातीच्या वर्षांच्या अभ्यासात आढळलं नाही. पण संस्था टिकली, म्हणून पुढची पायरी शक्य झाली. इंग्रजी शिकवणारे शिक्षक पुरेसे नव्हते, तेव्हा २०१२ पासून दुसरीकडे बसलेले शिक्षक दृक्‌श्राव्य जोडणीवरून वर्ग घेऊ लागले आणि वर्गातला नेहमीचा शिक्षक सोबत राहिला. यात गरज आधी ठरली आणि यंत्र नंतर आलं. पेरूला हे करताच आलं नसतं, कारण जोडणी नव्हती आणि ती सांभाळणारंही कोणी नव्हतं.

नियोजनाची अट घातली की दुसरी अडचण येते. जर्मनीने २०१९ मध्ये शाळांच्या डिजिटलीकरणासाठी पाच अब्ज युरोंचा करार केला. शिक्षण हा तिथे राज्यांचा विषय, म्हणून त्यासाठी आधी राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली. प्रत्येक शाळेने अध्यापनाचा आराखडा द्यावा अशी अट होती, आणि तत्त्व म्हणून ती अगदी योग्यच होती. पण पैसा इतका सावकाश उतरला की २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा बहुतेक रक्कम तशीच पडून होती. मग जादा निधी आला: विद्यार्थ्यांच्या उपकरणांसाठी ५० कोटी युरो, शिक्षकांच्या उपकरणांसाठी ५० कोटी आणि यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसांसाठी ५० कोटी. हा तिसरा भाग पहिल्या दिवसापासून हवा होता असं माझं ठाम मत आहे. आराखडा मागा, पण तो दोन पानांचा असू द्या, आणि तो लिहायला शाळेला माणूस द्या. ज्या शाळेला आराखडा लिहिता येत नाही तिलाच बहुधा मदतीची सर्वांत जास्त गरज असते.

माणसांच्या बाबतीत केरळचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. २००१ मध्ये 'आयटी@स्कूल' म्हणून सुरू झालेल्या कामाची २०१७ मध्ये 'काइट' नावाची सरकारी कंपनी झाली. प्रशिक्षण देणारे बहुतेक जण शाळांतलेच शिक्षक, सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचं, त्यामुळे परवान्यांचा दरसालचा बोजा नाही. पुढे ४,७५२ शाळांतल्या ४५,००० वर्गखोल्या हायटेक करण्याचं काम त्यांनी केलं ते आधीच्या दीड दशकाच्या तयारीवर. उलट दक्षिण कोरियाने मार्च २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी पाठ्यपुस्तकं शाळांत आणली आणि ऑगस्टमध्ये कायदा बदलून त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून घेतला. शिक्षक आणि पालक तयार नसताना एवढी मोठी उडी घ्यायला नको होती.

एखादी योजना चांगली आहे का हे तुम्हाला तपासायचं असेल तर किती हजार यंत्रं वाटली हा आकडा बाजूला ठेवा. मंजुरीच्या कागदात चालवण्याच्या खर्चाची ओळ शोधा आणि ती किती वर्षांची आहे ते बघा. देखभालीच्या करारात बिघाड किती दिवसांत दुरुस्त करायचा हे लिहिलंय का, आणि उशीर झाला तर पुरवठादाराचे पैसे कापले जातात का, ते बघा. बिल एकदम चुकतं होतं की काही हिस्सा यंत्रं चालू राहण्यावर रोखून ठेवला जातो, हेही विचारा. माझ्या अनुभवात पुरवठादाराची तत्परता या एका कलमाने सर्वांत जास्त बदलते. परवाने पहिल्या वर्षी फुकट असतील तर दुसऱ्या वर्षीचा दर आधीच ठरलाय का? शिक्षकांचं प्रशिक्षण यंत्रं येण्याआधी सुरू होतं की नंतर? आणि जुनी यंत्रं मोडीत काढण्याचा अधिकार कोणाला आहे? तो शाळेच्या जवळपासच्या अधिकाऱ्याकडे असेल तर खोली रिकामी होते आणि नव्या यंत्रांना जागा मिळते. तो खूप वरच्या पातळीवर असेल तर नवी खोकी व्हरांड्यातच पडून राहतात.