उताराच्या पायथ्याशी सिग्नल मागण्याआधी वरची रांग मोजा

नमस्कार. महामार्गावरून तुमच्या गावाकडे उतरणारा रॅम्प सर्व्हिस रोडला मिळतो तिथे संध्याकाळी रस्ता ओलांडणे जिवावरचे झाले आहे, दोन महिन्यांत तीन दुचाकीस्वार पडले, आणि म्हणून ग्रामपंचायतीच्या ठरावासह सिग्नलची मागणी करायची आहे, तर अर्जात काय लिहावे, असा तुमचा प्रश्न आहे. तो वाचून मला आमचे आठ वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. कोल्हापूरजवळच्या महामार्गावर शिरोली ते कागल या पट्ट्यातल्या एका उतारापाशी आम्ही हीच मागणी याच शब्दांत केली होती. ती मान्यही झाली, आणि त्यानंतर जे घडले ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. ठराव कसा करायचा, सह्या किती घ्यायच्या, पोच कशी मिळवायची हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यामुळे त्यात वेळ घालवत नाही. मी वाहतूक अभियंता नाही. फौंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करणारा माणूस आहे, आणि पुढचे सगळे वाचून, विचारून आणि चुकून शिकलेले आहे. तुमच्या जागेची पाहणी जाणकाराकडून करून घ्यावीच लागेल.

आधी मूळ मुद्दा. साध्या चौकातल्या सिग्नलला रांग लागली तर लोक खोळंबतात, पण महामार्गावरून उतरणाऱ्या रॅम्पच्या पायथ्याशी रांग लागली आणि ती उतार संपवून वर पोहोचली, तर तिचे शेपूट शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाड्यांच्या मार्गिकेत उभे राहते. आमच्यापैकी एकाने परदेशातल्या रॅम्पवरच्या सिग्नलची माहिती छापून आणली होती आणि ती आम्ही अर्जाला जोडलीही होती. शिकागोच्या आयझेनहॉवर एक्स्प्रेसवेवर १९६३ मध्ये सुरू झालेली ती पद्धत महामार्गावर चढणाऱ्या रॅम्पसाठी आहे. तिथला लाल दिवा गाड्यांना महामार्गाबाहेर थोपवून धरतो आणि महामार्गाचे रक्षण करतो. उतरणाऱ्या रॅम्पवर तोच लाल दिवा गाड्यांना महामार्गाच्या दिशेने साठवत जातो. हा फरक आम्हाला तेव्हा कळला नाही, आणि आमचा अर्ज वाचणाऱ्या कोणीही तो दाखवून दिला नाही.

आता आमची चूक, जिची किंमत सर्वांत जास्त पडली. सिग्नल मंजूर करण्याआधी वाहनांची मोजणी हवी असे सांगण्यात आले आणि माणसे नाहीत म्हणून ती तुम्हीच करून आणा असेही सुचवण्यात आले. आम्ही सारे औद्योगिक वसाहतीत काम करणारे, त्यामुळे ज्या दिवशी आम्हाला वेळ होता त्या दिवशी मोजायला बसलो, आणि तो दिवस अर्थातच कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा होता. महिना जुलैचा. म्हणजे पाळी सुटण्याच्या वेळची गर्दी नाही, कच्चा माल घेऊन येणारे ट्रक नाहीत, आणि दोन दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर तर हंगामाशिवाय दिसतच नाहीत. सहा जणांनी सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत पावसात उभे राहून अत्यंत प्रामाणिकपणे चुकीच्या दिवसाचे आकडे लिहिले. शिवाय आम्ही फक्त चौकातून जाणारी वाहने मोजली, उतारावर किती गाड्या थांबून राहतात याकडे कोणाचेही लक्ष नव्हते. त्या कागदांवरून दिव्यांच्या वेळा ठरल्या, आणि चारही रस्त्यांना जवळपास सारखाच हिरवा दिवा मिळाला.

याचा परिणाम कसा होतो ते एका हिशेबातून पाहा. हा हिशेब केवळ उदाहरणादाखल आहे, आकडे तुमचे तुम्ही घालायचे. समजा उतार २५० मीटर लांब आहे आणि त्याला साडेतीन मीटर रुंदीची एकच मार्गिका आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार एवढ्या रुंदीच्या मार्गिकेतून सलग हिरवा दिवा असताना तासाला सुमारे १,८९० कार-एकके सुटतात. सगळी वाहने कारच्या मापात मोजण्यासाठी हे एकक वापरतात. त्यात दुचाकी अर्धी, ट्रक तीन आणि ट्रेलरसह ट्रॅक्टर साडेचार एकके धरतात. दिव्यांची एक फेरी १२० सेकंदांची आणि उताराला हिरवा २० सेकंद असेल, तर एका फेरीत जेमतेम साडेदहा एकके सुटतील, म्हणजे तासाला ३१५. सुट्टीच्या दिवशी २१० एकके येत असतील तर सगळे सुरळीत दिसेल. पण कामाच्या दिवशी संध्याकाळी ४३० येऊ लागली, तर दर तासाला ११५ एकके मागे उरतील. एका एककाला सहा मीटर जागा धरली, तर पंधरा मिनिटांत उरलेल्यांची रांग सुमारे १७५ मीटर होते, त्यात लाल दिव्यात नव्याने साठणाऱ्यांची आणखी ७० मीटर मिळवली की पाव तासात उतार भरला. ज्या संध्याकाळी उसाचे ट्रॅक्टर येतात त्या दिवशी तेवढा वेळही लागत नाही.

आमचा सिग्नल सप्टेंबरात सुरू झाला. पेढे वाटले, फोटो काढले. नोव्हेंबरात गाळप हंगाम सुरू झाला आणि रांग वरपर्यंत जाऊ लागली. डिसेंबरात एका संध्याकाळी माझ्या खात्यातला सहकारी त्या रांगेच्या शेवटी दुचाकीवर थांबला असताना मागून आलेल्या मालवाहू गाडीने त्याला उडवले. तो वाचला, पण मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि आठ महिने तो कामावर येऊ शकला नाही. जुलैत माझ्या शेजारी छत्री धरून उभा राहून आकडे लिहिणाऱ्यांपैकी तो एक होता. त्याच्या घरी गेल्यावर काय बोलावे हे मला आजही सुचत नाही.

अपघातानंतर आम्ही वेळा बदलून मागितल्या, आणि इथे एका कार्यालयाने आमचे पुढचे वर्ष खाल्ले. त्याचे नाव लिहीत नाही, कारण आता तिथली माणसे बदलली आहेत आणि मला जुने वैर उकरायचे नाही. उताराची देखभाल एकाकडे, खालचा रस्ता दुसऱ्याकडे, दिव्यांच्या वेळा चालवणारी पेटी तिसऱ्याकडे अशी विभागणी असते, आणि या कार्यालयाने आमचे पत्र तीन वेळा ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ एवढ्याच वाक्यासह परत पाठवले. अखत्यारीत नाही हे एकवेळ मान्य करू, पण ती कोणाच्या अखत्यारीत आहे हे सांगायला किंवा पत्र तिकडे पाठवायला काय हरकत होती? समोर बसलेल्या माणसाला आम्ही रांगेचे फोटो दाखवले तेव्हा त्याने ते हातातही घेतले नाहीत. एका माणसाचा पाय मोडला आहे आणि उद्या कोणाचा जीव जाईल, हे सांगताना आवाज चढला म्हणून आम्हालाच समज देण्यात आली.

म्हणून तुम्हाला माझा आग्रहाचा सल्ला असा की मागणीचा अर्ज देण्याआधी माहिती अधिकाराचा अर्ज करा. उताराचा पृष्ठभाग, त्यावरचे फलक, खालचा चौक आणि दिवे यांची देखभाल नेमकी कोणाकडे आहे आणि त्या हद्दीचा नकाशा कोणता, एवढेच विचारा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी २००५ च्या कायद्याच्या कलम ६(३) नुसार त्यांना तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. साध्या पत्राला असे बंधन लावता येत नाही, हे आम्हाला वर्ष गमावल्यावर कळले. नकाशा हातात आला की तो घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जा, कारण सगळ्या यंत्रणा एका टेबलाभोवती बसतात अशी तीच एक जागा आहे. आमचा प्रश्न सुटला तो तिथेच.

तोडगा फार खर्चिक नव्हता. नव्या मोजणीनंतर एकाच फेरीत उताराला दोनदा हिरवा दिवा देण्यात आला, त्यामुळे साठलेली रांग लांबण्याआधीच मोकळी होऊ लागली. संध्याकाळच्या वेळा वेगळ्या झाल्या. तुम्हाला नवीनच सिग्नल मिळणार असेल तर सुरुवातीपासून याहून चांगली गोष्ट मागा. उताराच्या वरच्या अर्ध्या भागात रस्त्याखाली तारेचे वेटोळे पुरून किंवा कॅमेरा लावून रांग तिथवर आल्याचे पेटीला कळवता येते, आणि मग बाकीचे रस्ते थांबवून उताराला आपोआप हिरवा दिवा मिळतो. माझे मत विचाराल तर ही सोय नसेल तर उताराच्या पायथ्याशी सिग्नल घेऊच नये. पुरेशी जागा असल्यास गाड्या वळसा घालून जातील असे चौकातले छोटे वर्तुळ, आणि ओलांडणाऱ्यांसाठी मध्ये थांबायला सुरक्षित बेट, यांनी अनेकदा काम भागते. हे मत काही अभियंत्यांना पटत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पिवळ्या दिव्याकडेही लक्ष द्या. ताशी ६० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या गाडीला, चालकाला कळायला एक सेकंद आणि बेताने ब्रेक लावून थांबायला लागणारा अवधी धरला, तर पिवळा दिवा चार सेकंदांच्या आसपास हवा, आणि उतार तीव्र असेल तर त्याहून थोडा जास्त. शहरातल्या चौकातल्या दोन-तीन सेकंदांच्या वेळा तशाच इथे आणून बसवल्या की भरलेला ट्रक लाल दिव्यातून जातो आणि दोष चालकावर येतो. ‘पुढे सिग्नल आहे’ हा फलक उतार सुरू होण्याआधीच दिसला पाहिजे. ताशी ८० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी १२० मीटर आणि १०० ला १८० मीटर दृष्टीचे अंतर धरतात, आणि उताराच्या माथ्यावर रस्ता वळत असेल तर पुढची रांग तेवढ्या अंतरावरून दिसतच नाही.

गावातून गतिरोधकाची मागणी होईल, पण ती तुम्ही लावून धरू नका. रॅम्पच्या मधोमध गतिरोधक घातला की उसाची ट्रॉली तिथे थांबल्यासारखी होते आणि मागच्यांची रांग वर सरकते. उतार सुरू होतानाच्या रंबलर पट्ट्या त्यापेक्षा बऱ्या, मात्र जवळच्या घरांना रात्री त्यांचा आवाज सोसावा लागतो, तेव्हा त्या लोकांना आधी विचारा. उलट दिशेने रॅम्प चढणाऱ्या दुचाकींबद्दल तुम्ही काही लिहिलेले नाही, पण त्या असणारच. दुभाजकातून वळायचा पुढचा कट लांब असला की लोक तेच करतात. पायथ्याशी दोन्ही बाजूंना, खालून येणाऱ्याच्या नजरेसमोर ‘प्रवेश बंद’चे फलक मागा, एकच फलक उसाच्या गाडीआड झाकला जातो.

आणखी एक, ज्याचा आम्हाला उशिरा उपयोग झाला. साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असतील तर ती जागा केंद्राच्या निकषाप्रमाणे अपघातप्रवण ठरते आणि मग दुरुस्तीची मागणी टाळणे अवघड होते. पण आमच्याकडचे अपघात कधी ‘फाट्याजवळ’, कधी ‘पुलाजवळ’, कधी ‘हॉटेलसमोर’ असे नोंदले गेल्याने एकत्र मोजलेच गेले नाहीत. नोंद करताना किलोमीटरच्या दगडाचा आकडा लिहायला सांगा. सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने आली आहे. मी वकील नाही, तिचा वापर करायचा तर वकिलाशीच बोला, पण अर्जात तिचा उल्लेख असला की पत्र वाचले जाते, असा आमचा अनुभव आहे.

आता मोजणी. कारखाने चालू असलेल्या तीन दिवसांची घ्या, शक्यतो डिसेंबर किंवा जानेवारीत, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी असते, ते दिवस वेगळे मोजा, सरासरीत मिसळू नका. पंचगंगेच्या पुराने २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, तसे दिवस तर धरूच नका. उतारावर स्वतः कोणी उभे राहू नये, जवळच्या इमारतीच्या गच्चीवरून फोन स्थिर ठेवून चित्रण करावे. त्याआधी एखाद्या पहाटे रहदारी नसताना, पोलिसांना कळवून, कठड्यावर पायथ्यापासून दर २५ मीटरला चुन्याने ठळक खूण करून घ्या, म्हणजे दर पाच मिनिटांनी रांगेचे शेपूट कोणत्या खुणेपाशी आहे तेवढेच वहीत लिहायचे राहील. ती वही आणि उताराची लांबी मला कळवलीत, तर आकडेमोड मी करून देईन.